सोवळ्यातली जर्नलं

बोगस जर्नलांवर लेख लिहिणं हा आपल्याकडे आता हंगामी उद्योग झाला आहे. सहा-आठ महिन्यांतून एकदा कुठल्या तरी रविवार पुरवणीत तो लेख येतोच, आणि त्याचा साचाही ठरलेला असतो. आडगावच्या प्राध्यापकांनी पैसे मोजून रद्दी छापली आणि देशाची नाचक्की केली. खरं संशोधन परदेशातल्या मानाच्या जर्नलांत येतं. आता तर केंद्राने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आणून ती जर्नलंही दारात आणून ठेवली, तेव्हा रडगाणं बंद करा आणि दर्जेदार काम करा. लिहिणारे बहुधा पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या संस्थेतले असतात, हेतूही चांगला असतो. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडसारख्या गावात ज्याचं आयुष्य रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं, त्याला हा निवाडा मान्य होण्यासारखा नाही. चोर कोण ते या लेखांतून कळतं, चोरबाजार कुणी भरवला ते मात्र सोयीस्करपणे राहून जातं.

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे वाद सरळ चालेल. बोगस जर्नलं आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी आपल्याच देशात आहेत. शेन आणि ब्यर्क या संशोधकांच्या २०१५ सालच्या पाहणीनुसार २०१४ या एका वर्षात अशा जर्नलांत जगभरातून सुमारे ४ लाख २० हजार लेख छापले गेले, आणि प्रकाशकांपैकी २७ टक्के भारतातले होते. हैदराबादच्या ‘ओमिक्स’ला अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१९ मध्ये ५ कोटी डॉलरहून जास्त दंड ठोठावला. या धंद्याची पत्रं आम्हा सगळ्यांनाच येतात. सुरुवात ‘डिअर एमिनंट प्रोफेसर’ अशी. मग ४८ तासांत स्वीकृती, हजार-पंधराशे रुपये फी, प्रमाणपत्र ईमेलवर, छापील प्रत हवी तर कुरिअरचे वेगळे. मुखपृष्ठावर ‘इम्पॅक्ट फॅक्टर ७’च्या पुढचा कुठला तरी आकडा, दशांशात तीन स्थळांपर्यंत, तो कुणी दिला हे विचारायचं नाही. संपादक मंडळावर अशी माणसं, ज्यांना आपण संपादक असल्याचा पत्ताही नसतो. आमच्यातल्या काहींनी हे सगळं ओळखून, डोळे उघडे ठेवून पैसे भरले. त्यांची वकिली मला करायची नाही.

पण त्यांनी पैसे का भरले? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत ‘एपीआय’ नावाचं गुणांकन आणलं. परीक्षण होणाऱ्या जर्नलातल्या लेखाला १५ गुण, आणि परीक्षण न होणाऱ्या पण आयएसएसएन क्रमांक असलेल्या ‘प्रतिष्ठित’ नियतकालिकातल्या लेखाला १०. प्रतिष्ठा कोण तपासणार? कुणीच नाही. क्रमांक तेवढा तपासला जाई. आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक. अर्ज केला की मिळतो, आणि आतल्या मजकुराच्या दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नसतो. पण कॉलेजच्या ऑफिसात, बढतीच्या फायलीवर, मुलाखतीच्या टेबलावर तोच दर्जाचा शिक्का ठरला. ज्यांना दिवसाला चार तास शिकवायचं आहे, प्रयोगशाळेत एक जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, संशोधनासाठी रजा नाही की पैसा नाही, त्यांना सांगितलं गेलं की बढती हवी तर पेपर आणा. सीएचबीवर तासांच्या हिशेबाने राबणाऱ्या पोरांना सांगितलं गेलं की कायम व्हायचं तर पेपर आणा. ऊस कारखान्याच्या काट्यावर चढला तरी पुढे निदान साखरेचा उतारा तरी पाहतात. इथे वजन झालं की बिल निघत होतं. असा बाजार भरवल्यावर व्यापारी आले यात नवल कसलं?

पुढचा इतिहास तर त्याहून बोलका आहे. २०१७ मध्ये आयोगाने ‘मान्यताप्राप्त’ जर्नलांची यादी काढली, आणि तिच्यात विद्यापीठांच्या शिफारशींवरून हजारो नावं घुसली. २०१८ च्या मे महिन्यात त्यांतली ४,३०५ नावं एका फटक्यात काढून टाकावी लागली. त्याच वर्षी पुण्यातल्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये या यादीची चिरफाड केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांतली ८८ टक्क्यांहून जास्त हलक्या दर्जाची असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. सुचवणारी कोण, तर विद्यापीठं. कुरुंदवाडच्या प्राध्यापकाने ती यादी केली नव्हती. वरून आलेली सरकारी यादी उघडून त्याने त्यातलं जर्नल निवडलं आणि पैसे भरले. नंतर कळलं की यादीच खोटी होती, आणि फसवल्याचा ठपका त्याच्यावरच आला. मग जर्नलांची ‘केअर’ ही नवी यादी आली. २०२२ च्या नोव्हेंबरात पीएचडीसाठी पेपरची सक्ती गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत केअर यादीही बंद झाली. आता निकष विद्यापीठांनी आपापले ठरवावेत म्हणे. म्हणजे ज्यांच्या शिफारशींनी घोटाळा झाला, त्यांच्याच हातात परत किल्ल्या. पंधरा वर्षं हे चालू आहे, आणि इतक्या वर्षांत धोरण आखणाऱ्या एकाही साहेबाची बढती यामुळे थांबल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता त्या मानाच्या जर्नलांकडे वळू, ज्यांच्यापुढे आम्ही हात जोडून उभं राहावं अशी अपेक्षा आहे. एल्सव्हिअर ही जगातली सगळ्यात मोठी विज्ञान प्रकाशन संस्था. तिच्या ऑस्ट्रेलियातल्या कार्यालयाने २००० ते २००५ या काळात वैद्यकीय जर्नलासारखी दिसणारी सहा प्रकाशनं काढली, ज्यांचे पैसे औषध कंपन्या देत होत्या. त्यांतलं हाडं आणि सांध्यांच्या आजारांवरचं एक मर्क कंपनीच्या पैशावर निघालं होतं. हे २००९ मध्ये बाहेर आलं आणि कंपनीने कबूलही केलं. ‘लॅन्सेट’ने १९९८ मध्ये गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्डचा लेख छापला आणि तो मागे घ्यायला २०१० उजाडलं. त्या लेखाची किंमत जगभरच्या पोरांनी गोवर होऊन मोजली. कोविडमध्ये त्याच ‘लॅन्सेट’ने ९६ हजार रुग्णांची म्हणवली जाणारी माहिती छापली. तिच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने एका औषधाच्या चाचण्या थांबवल्या, आणि दोन आठवड्यांत तो लेख रद्द झाला, कारण मूळ माहिती कुणाला दाखवताच येईना. वायली ही १८०७ पासूनची अमेरिकन कंपनी. तिने २०२१ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलर मोजून ‘हिंदावी’ ही प्रकाशन संस्था विकत घेतली, आणि २०२३ या एका वर्षात तिच्या जर्नलांतले ८ हजारांहून जास्त लेख मागे घ्यावे लागले. शेवटी ते नावच बंद केलं.

‘पण ते मागे तरी घेतात ना?’ असं उत्तर येतं, आणि ते काही अंशी खरंही आहे. पंधराशे रुपयांचं जर्नल लेख मागे घेत नाही, ते स्वतःच गायब होतं. पण मग हा फरक यंत्रणेचा आणि पैशाचा झाला. तो सोवळ्या-ओवळ्याचा नाही, आणि आम्हाला ऐकवलं जातं ते मात्र सोवळं. जॉन बोहानन या पत्रकाराने २०१३ मध्ये मुद्दाम चुका पेरलेला एक बनावट लेख ३०४ जर्नलांना पाठवला, त्यांतल्या १५७ जणांनी तो स्वीकारला. हे उदाहरण आमच्या तोंडावर नेहमी फेकलं जातं. दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. एक, स्वीकारणाऱ्यांत एल्सव्हिअर आणि सेजसारख्या बड्या घरांची जर्नलंही होती. दुसरी, बोहाननने तो लेख वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलांना पाठवलाच नाही. नियंत्रण गटाशिवाय केलेला प्रयोग आमच्या बीएस्सीच्या पोरांनी लिहून आणला तर आम्ही वही परत करतो. तो मात्र ‘सायन्स’मध्ये छापून आला.

आणि आता पैशाचं बोलू. इंग्लंडात रॉबर्ट मॅक्सवेल नावाच्या गृहस्थाने १९५१ मध्ये पर्गमॉन प्रेस काढून या धंद्यातलं सोनं ओळखलं. लेखक फुकट लिहितो, परीक्षक फुकट तपासतो, दोघांचा पगार सरकार देतं, आणि छापलेलं परत सरकारच्याच ग्रंथालयाला विकायचं. मॅक्सवेलने १९९१ मध्ये ती संस्था एल्सव्हिअरला ४४ कोटी पौंडांना विकली. एल्सव्हिअरच्या या व्यवसायातला नफा आजही उलाढालीच्या पस्तीस टक्क्यांवर आहे. ग्रंथालयांनी बोंब मारली, तेव्हा युरोपने २०१८ मध्ये ‘प्लॅन एस’ आणला आणि पुढे अमेरिकेनेही सरकारी पैशातलं संशोधन सर्वांना खुलं करायला सांगितलं. धोरण रास्त होतं. पण कंपन्यांनी वसुलीची खिडकी बदलली. आधी वाचणाऱ्याकडून घेत होत्या, आता छापणाऱ्याकडून घेतात. ‘नेचर’मध्ये लेख खुला ठेवायचा दर २०२१ मध्ये ९,५०० युरो ठरला. आपल्या पैशात आठ-नऊ लाख, म्हणजे नव्याने लागलेल्या साहाय्यक प्राध्यापकाचा जवळजवळ वर्षाचा पगार. जर्मनी देशपातळीवर करार करून हा खर्च उचलते, कॅलिफोर्नियाचं विद्यापीठ दोन वर्षं एल्सव्हिअरशी भांडून हवे तसे करार पदरात पाडून घेतं. गरीब देशांना बरेच प्रकाशक फी माफ करतात, पण भारत त्या यादीत बसत नाही. आपली अर्थव्यवस्था मोठी झाली ना! देश श्रीमंतांच्या पंगतीत आणि त्याचा प्राध्यापक पंगतीबाहेर, अशी आपली गत. शेन-ब्यर्क यांच्या त्याच पाहणीत बोगस जर्नलांची सरासरी फी १७८ डॉलर निघाली होती. एक दर साडेनऊ हजार युरोचा आणि एक पावणेदोनशे डॉलरचा, आणि दोन्हीकडे तत्त्व एकच: पैसे लेखकाने द्यायचे. ज्यांनी हे तत्त्व जगभर रूढ केलं त्यांना मखरात बसवायचं, आणि ज्यांनी त्याची स्वस्त नक्कल केली त्यांनाच तेवढे जोडे मारायचे, हा न्याय मला कळत नाही.

मग ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ने काय झालं? २०२४ च्या २५ नोव्हेंबरला मंत्रिमंडळाने तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार जर्नलं, ६,३०० संस्था. वाचायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. एकेका लेखासाठी ओळखीच्या माणसाला फोन करण्यात ज्यांची हयात गेली त्यांना तिची किंमत विचारा. पण पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्था आहेत, आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातलं उच्च शिक्षण बहुतांशी खासगी शिक्षण संस्थांच्या खांद्यावर उभं आहे. खासगी संस्था आणि सार्वजनिक ग्रंथालयं पुढच्या टप्प्यांत येतील, असं सांगितलं गेलं आहे. बरं, हे पैसे जातात कुणाला? एल्सव्हिअर, वायली, स्प्रिंगर नेचर यांनाच. त्यांतल्या एल्सव्हिअर आणि वायलीने, अमेरिकन केमिकल सोसायटीला सोबत घेऊन, जर्नलांतले लेख फुकट उपलब्ध करून देणाऱ्या ‘साय-हब’ या साइटविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात २०२० मध्ये दावा लावला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती साइट भारतात बंद करायचा आदेश झाला. साय-हब कायद्यात बसत नव्हती, मान्य. पण आडगावच्या पोरांचं ग्रंथालय तेच होतं, हेही तितकंच खरं. २०२७ नंतर करार वाढवताना कंपन्या काय भाव लावतील? एकदा सगळ्या देशाला सवय लागली की घासाघीस कुणाच्या बळावर करायची?

हे सगळं दूरचं वाटत असेल तर तेरवाडला चला. पंचगंगा इचलकरंजीचं सांडपाणी घेऊन खाली येते, तेरवाडच्या बंधाऱ्याला अडते, आणि मग कुरुंदवाडला वळसा घालून नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णेला मिळते. उन्हाळ्यात बंधाऱ्यावर काळं पाणी, फेस, जलपर्णी, आणि अधूनमधून मेलेल्या माशांचा खच. पाण्यातला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि ती कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजात करता येते. काचेच्या बाटलीत बुडबुडा न येऊ देता पाणी भरायचं, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड सोडायचं, बूच लावून बाटली उलटीपालटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. साका पांढराच राहिला तर समजायचं, या पाण्यात मासा जगणार नाही. पुढचं टायट्रेशन आकड्यासाठी; बातमी तिथेच कळते.

समजा एखाद्या प्राध्यापकाने आणि चार विद्यार्थ्यांनी हे काम दर पंधरवड्याला, पाच ठिकाणी, पाच वर्षं केलं. त्याची आकडेवारी प्रदूषण नियंत्रण मंडळासमोर ठेवता येईल, न्यायालयात उभी राहील, पाणी सोडणाऱ्याला जाब विचारता येईल. ती छापायची कुठे? मानाच्या जर्नलाचा संपादक म्हणेल, पद्धत जुनी, निष्कर्ष स्थानिक, आमच्या वाचकांना रस नाही. त्याच्या जागी तो चूकही नाही. ॲमस्टरडॅमच्या वाचकाला तेरवाडचं काय? मग तो लेख पंधराशेच्या जर्नलात जातो. तिथे त्याला कुणी विचारत नाही की नमुने सकाळी घेतले की दुपारी, धरण सोडलं होतं की नाही, अभिकर्मक कधीचे होते. म्हणजे खरं काम आणि घरी बसून रचलेले आकडे एकाच अंकात शेजारी शेजारी बसतात, आणि कारखान्याचा वकील एका वाक्यात दोन्ही उडवतो: हे तर बोगस जर्नल! शिरोळ तालुक्यात कर्करोग वाढल्याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. उसाच्या रानात मीठ फुटून जमिनी क्षारपड झाल्या आहेत, दत्त साखर कारखान्याने सच्छिद्र पाइप गाडून त्या सुधारायचं काम हाती घेतलं आहे. २००५, २०१९, २०२१ असे महापूर येऊन गेले. संशोधनाचे विषय इथे पायाशी पडलेत. हवी आहे ती कडक परीक्षण करणारी, फी न घेणारी, कुणालाही वाचता येणारी जागा. ती ना सहा हजार कोटींत आहे, ना पंधराशेत.

‘भारतीय जर्नलात छापलं तर वाचणार कोण?’ हा शेवटचा आणि सगळ्यात जड आक्षेप. त्याला उत्तर द्यायला मी रामन यांना बोलावतो. त्यांनी १९२६ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’ सुरू केलं, आणि १९२८ मध्ये आपल्या नव्या प्रारणावरचा लेख त्याच जर्नलात छापून त्याच्या सुट्या प्रती जगभरच्या शास्त्रज्ञांना टपालाने धाडल्या. दोन वर्षांत नोबेल आलं. तेच जर्नल आज स्प्रिंगरमार्फत वितरित होतं, हे जाता जाता. आणि आपले कापरेकर मास्तर? देवळालीच्या शाळेत शिकवणारा माणूस, पीएचडी नाही, पदरचे पैसे घालून पुस्तिका छापायचा, गणितातली बडी मंडळी हसायची. कुठलेही चार अंक घ्या, सगळे सारखे नसले म्हणजे झालं. मोठ्या मांडणीतून लहान मांडणी वजा करत राहा, ६१७४ वर येऊन थांबाल. हे त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत सांगितलं, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने लिहिलं तेव्हा जगाचं लक्ष गेलं. एपीआयच्या तक्त्यात त्यांच्या घरच्या पुस्तिकांना शून्य गुण मिळाले असते.

रामन एकच, कापरेकर एकच, असं म्हणाल. बरोबर, दोन माणसांवर धोरण उभं राहत नाही. म्हणून ब्राझील बघा. १९९७ पासून त्यांनी ‘सायेलो’ उभं केलं. सरकारी पैशावर, देशी जर्नलं एका छताखाली, वाचायला फुकट, प्रवेशाला कडक निकष, आणि निकष मोडले तर बाहेर. पुढे लॅटिन अमेरिकेतले इतर देशही त्यात आले. तिथे डेंग्यूपासून उसापर्यंतचं स्थानिक संशोधन पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्येही सापडतं. आपल्याकडे बेंगळुरूची विज्ञान अकादमी आहे, १९३२ पासूनचं ‘करंट सायन्स’ आहे, आणि बोगस यादीचं बिंग फोडणारा लेख त्याच देशी जर्नलाने छापला होता, हे विसरू नका. भारतीय जर्नलं रेंगाळतात, गटबाजी करतात, परीक्षक वर्षभर उत्तर देत नाहीत, हे मीही भोगलं आहे. पण चांगला लेख हाती आला की तो बाहेर पाठवा, त्यालाच जास्त गुण, असा नियम तुम्हीच केलात. उरलंसुरलं देशी जर्नलांना मिळणार, आणि वर त्यांना हलकं म्हणणार.

सहा हजार कोटींचा एक टक्का म्हणजे साठ कोटी, तीन वर्षांत. दर वर्षी वीस. त्यात कृष्णा खोऱ्याच्या पाण्या-मातीवरचं एक जर्नल आरामात निघेल, आणि असली आणखी पुष्कळ निघतील. पगारी संपादक, परीक्षकाला मानधन, कच्ची आकडेवारी लेखाबरोबर सर्वांसमोर, गोषवारा मराठीत आणि कन्नडमध्ये, कारण नदी पुढे कर्नाटकात जाते. शिवाजी विद्यापीठाला १९६२ पासूनचा अनुभव आहे, माणसं आहेत. दर अंकातल्या दोन-चार लेखांचे नमुने दुसऱ्या कॉलेजने पुन्हा तपासायचे आणि निकाल, जुळो वा न जुळो, पुढच्या अंकात छापायचा. असं जर्नल काढून दाखवा. त्यानंतरही एखाद्याने पंधराशे भरून प्रमाणपत्र आणलं, तर त्याचं नाव पुरवणीत खुशाल छापा. मी एका शब्दाने आडवा येणार नाही.